सातव्या प्रश्नाचे काय बिघडले?

सहावीच्या वर्गाला आपण दशांश अपूर्णांकांची चाचणी दिली आहे असे समजू. प्रश्न वीस, प्रत्येकाला चार पर्याय. सातवा प्रश्न असा: ०.३६, ०.५, ०.७२ आणि ०.४ यांपैकी सर्वांत मोठी संख्या कोणती? पेपर तपासून होतात, गुणांची यादी तयार होते आणि मग एक विचित्र गोष्ट नजरेस येते. एकूण गुणांत जी मुले मागे आहेत त्यांतल्या बऱ्याच जणांनी सातवा प्रश्न बरोबर सोडवला आहे. मधल्या आणि वरच्या फळीतली काही मुले मात्र नेमकी इथेच चुकली आहेत.

हा प्रश्न ठेवायचा की काढून टाकायचा? काढला तर मागच्या बाकावरच्या मुलांचा हक्काचा एक गुण जातो. ठेवला तर हुशार मुलांचे पालक विचारायला येतात. बी.एड.ला आपण शिकलेलो असतो की गुणानुक्रमे वरच्या २७ टक्के व खालच्या २७ टक्के विद्यार्थ्यांचे गट करावेत, दोन्ही गटांतल्या बरोबर उत्तरांची तुलना करावी आणि त्यावरून प्रश्नाची भेददर्शकता ठरवावी. ही रीत सोपी आहे, कागद-पेन्सिलीने होते, आणि तिची टिंगल करण्याचे कारण नाही. पण मधल्या ४६ टक्के मुलांकडे ती ढुंकूनही पाहत नाही. शिवाय तिच्यातून निघणारा आकडा जितका प्रश्नाचा असतो तितकाच त्या वर्गाचाही असतो. तोच प्रश्न शेजारच्या तुकडीला दिला की आकडा बदलतो.

यापेक्षा निराळा मार्ग डेन्मार्कचे गणिती गेऑर्ग राश यांनी दाखवला. डॅनिश शाळांतील वाचनात मागे पडणारी मुले आणि डॅनिश सैन्यातील भरतीच्या चाचण्या यांवर काम करता करता त्यांनी जी मांडणी केली, ती १९६० साली कोपनहेगनमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांची कल्पना थोडक्यात अशी. विद्यार्थ्याची क्षमता आणि प्रश्नाचे काठिण्य एकाच पट्टीवर मोजायचे. पट्टीवर विद्यार्थी प्रश्नाच्या जितका वर, तितकी उत्तर बरोबर येण्याची शक्यता जास्त. दोघे एकाच ठिकाणी असतील तर शक्यता निम्मी. पट्टीचे एकक ‘लॉजिट’. विद्यार्थी प्रश्नाच्या एक लॉजिट वर असेल तर बरोबर उत्तराची संभाव्यता ०.७३, दोन लॉजिट वर असेल तर ०.८८, तीन असेल तर ०.९५. खाली असेल तर हेच उलटे: ०.२७, ०.१२, ०.०५.

विद्यार्थी आणि प्रश्न यांच्या गाठीचे असे गणित मांडणाऱ्या प्रतिमानांना प्रश्न-प्रतिसाद प्रतिमाने म्हणतात, आणि राश यांचे प्रतिमान हे त्यांतले सर्वांत साधे. पण साधे असले तरी ते एक दावा करते, आणि दावा म्हटला की तो खोटाही ठरू शकतो. सातव्या प्रश्नाच्या बाबतीत तो खरा आहे का, हे तपासणारा आकडा म्हणजे प्रश्नाच्या जुळणीचा अंक. आज संगणक तो क्षणात देतो. मात्र तो आकडा कशाचा आहे हे एकदा हाताने करून पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये, असे आम्हांला वाटते. म्हणून आधी हिशोब करू.

प्रश्नाच्या तीन लॉजिट खाली असलेला एक विद्यार्थी घ्या. त्याचे उत्तर चुकण्याची शक्यता बरोबर येण्याच्या वीसपट आहे (नेमके २०.०९). आता समजा त्याचे उत्तर बरोबर आले. आपल्याला किती आश्चर्य वाटावे? वीसपट. आणि उत्तर चुकले तर? विसांशाच्या किंचित खाली, म्हणजे सुमारे ०.०५, जवळपास काहीच नाही. जे घडले त्याच्या विरुद्ध पारडे किती जड होते, तेच आपले आश्चर्य. अंतर दोन लॉजिट असेल तर अपेक्षेविरुद्ध उत्तराचे आश्चर्य ७.३९ आणि अपेक्षेप्रमाणे आलेल्या उत्तराचे ०.१४. अंतर एक असेल तर २.७२ आणि ०.३७. अंतर शून्य असेल तर काहीही झाले तरी १. संख्याशास्त्राच्या पुस्तकात याच राशीला ‘प्रमाणित शेषाचा वर्ग’ असे भारदस्त नाव असते. प्रत्यक्ष उत्तर (१ किंवा ०) वजा संभाव्यता, त्याचा वर्ग, भागिले विचलनवर्ग. करून पाहा, आकडे तेच येतील.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. बरोबर उत्तराची संभाव्यता ‘प’ असेल तर बरोबर उत्तराचे आश्चर्य (१ − प) ÷ प, आणि चुकीच्या उत्तराचे प ÷ (१ − प). आता सरासरी काढण्यासाठी पहिल्याला ‘प’ने आणि दुसऱ्याला (१ − प)ने गुणून बेरीज करा. बेरीज (१ − प) + प, म्हणजे १ येते. विद्यार्थी कोणताही असो, प्रतिमान खरे असेल तर सरासरी आश्चर्य एकच असायला हवे. सर्व मुलांच्या आश्चर्याची सरासरी काढली की ‘आउटफिट’ नावाचा जुळणीचा अंक मिळतो, आणि तो १ च्या आसपास असावा अशी अपेक्षा का करतात याचे उत्तरही यातच आहे.

आता दहा मुले घेऊ. सातवा प्रश्न पट्टीवर शून्यावर आहे आणि मुलांच्या जागा अशा: −३, −२, −१, −१, ०, ०, १, १, २, ३. पहिल्या प्रसंगात −३ व −२ वाल्यांचे उत्तर चुकले, −१ वाल्यांपैकी एकाचे बरोबर आले, ० वाल्यांपैकी एकाचे बरोबर, १ वाल्यांपैकी एकाचे चुकले, आणि २ व ३ वाल्यांचे बरोबर आले. कुठल्याही वर्गात दिसावे तसे चित्र. आश्चर्यांची बेरीज ८.५४ होते, म्हणून आउटफिट ०.८५. काही बिघडलेले नाही.

दुसऱ्या प्रसंगात एकच बदल करू. सर्वांत मागे असलेल्या, −३ वाल्या मुलाचे उत्तर बरोबर आले. बाकी सारे तसेच. एका मुलाच्या एका उत्तराने बेरीज २८.५८ वर जाते आणि आउटफिट होतो २.८६! त्याने अंदाजाने खूण केली असेल, शेजाऱ्याचे पाहिले असेल. प्रश्नाचा यात काही दोष नसेलही.

एका दूरच्या मुलाने सगळा आकडा हलवावा हे बरे नाही. म्हणून दुसरा अंक काढतात, ‘इनफिट’. यात प्रत्येक मुलाच्या आश्चर्याला वजन दिलेले असते. प्रश्नाच्या जवळ असलेल्या मुलाचे वजन जास्त (शून्य अंतराला ०.२५, एक लॉजिटला ०.२०), दूरच्याचे कमी (दोनला ०.१०, तीनला ०.०५). याला कारण आहे. जे मूल प्रश्नाच्या पातळीवर आहे त्याच्या उत्तरातूनच प्रश्नाविषयी खरी माहिती मिळते. फार मागच्या किंवा फार पुढच्या मुलाचे उत्तर आपल्याला आधीच जवळपास ठाऊक असते. पहिल्या प्रसंगात इनफिट १.१० येतो आणि दुसऱ्यात १.६७. वाढला, पण आउटफिटसारखा उधळला नाही.

आता तिसरा प्रसंग, आणि आमच्या मते हाच महत्त्वाचा. कडेची मुले शहाण्यासारखी वागली: मागची दोन चुकली, पुढची दोन बरोबर. शून्यावरच्या दोघांपैकी एक बरोबर. पण −१ वर असलेली दोन्ही मुले बरोबर आली आणि १ वर असलेली दोन्ही चुकली. आउटफिट येतो १.३२. अनेक जण हा आकडा पाहून पुढच्या प्रश्नाकडे वळतील. इनफिट मात्र १.६८ आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रसंगांचे इनफिट जवळजवळ सारखे आहेत आणि आउटफिटमध्ये दुपटीहून अधिक फरक आहे. दोन्ही अंक शेजारी ठेवले तरच कळते की एकीकडे एखादे मूल अवचित बरोबर आले आहे, तर दुसरीकडे ज्यांच्यासाठी प्रश्न काढला त्यांच्यातच काहीतरी उलटसुलट चालले आहे.

(दहा मुले केवळ हिशोब हाताने व्हावा म्हणून घेतली. एवढ्या थोड्या मुलांवरून खऱ्या चाचणीत कोणताही निष्कर्ष काढू नये. आणि इथे आपण मुलांच्या जागा आयत्या धरल्या. प्रत्यक्षात त्याही त्याच उत्तरांवरून ठरवाव्या लागतात.)

हे जागा ठरवण्याचे काम फार किचकट असते. राश स्वतः एकूण गुणांनुसार गट पाडून आलेख काढत आणि बिंदू अपेक्षित रेषेवर पडतात का ते पाहत. शिकागो विद्यापीठातील बेंजामिन राइट यांनी ही पद्धत अमेरिकेत रुजवली. राइट आणि नर्गिस पंचपकेशन यांनी १९६९ साली लिहिलेल्या लेखाने तिला संगणकावर चालणारी व्यवहार्य कृती मिळवून दिली. पुढे शिकागोच्या याच परंपरेतून ‘विनस्टेप्स’ ही आज्ञावली आली, आणि इनफिट-आउटफिट ही नावे तिच्या तक्त्यांमुळे जगभर गेली. आज शाळेच्या खिशाला परवडणारे साधन हवे असेल तर ‘आर’ ही संख्याशास्त्रीय आज्ञावली आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकात तिची सुरुवात केली. ती मोफत आहे, आणि तिच्यात जोडायची पॅकेजेसही मोफत. आपल्या कामाची तीन म्हणजे ‘ईआरएम’, ‘एलटीएम’ आणि ‘एमआयआरटी’.

करायचे काय? आधी तक्ता बनवायचा. प्रत्येक ओळ एका विद्यार्थ्याची, प्रत्येक रकाना एका प्रश्नाचा, बरोबरला १ आणि चुकीला ०. हजेरी क्रमांकाचा आणि एकूण गुणांचा रकाना या तक्त्यात राहू द्यायचा नाही. हे सांगायला नको असे वाटेल, पण नवशिक्यांची पहिली चूक बहुधा हीच असते. संगणकाला हजेरी क्रमांक आणि प्रश्न यांतला फरक कळत नाही.

ईआरएममध्ये तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीत प्रश्नांची काठिण्ये काढायची. दुसऱ्या पायरीत त्यांच्या आधारे विद्यार्थ्यांच्या क्षमता काढायच्या. जुळणीचे अंक तिसऱ्या पायरीत मागायचे. दुसरी पायरी गाळून थेट जुळणी मागितली तर आज्ञावली नकार देते, आणि तिचे बरोबरच आहे. विद्यार्थी पट्टीवर कुठे आहे हे ठाऊक नसेल तर आश्चर्य कशाचे मोजणार? ज्या मुलांची सर्वच उत्तरे बरोबर किंवा सर्वच चूक आहेत ती या हिशोबातून बाहेर राहतात. वीसपैकी वीस मिळवणाऱ्या मुलीची क्षमता पट्टीवर किती वर आहे हे या चाचणीला सांगताच येत नाही.

एमआयआरटीमध्ये प्रतिमान राशचे हवे हे सांगून ते बसवायचे आणि मग ‘आयटमफिट’ हे फलन वापरायचे. तिथे एक गंमत होते. काही न सांगता हे फलन चालवले तर इनफिट-आउटफिट येतच नाहीत. ‘एस-एक्स-वर्ग’ नावाचा वेगळाच अंक येतो. इनफिट हवा असे स्पष्ट मागावे लागते. शिवाय एमआयआरटी विद्यार्थ्यांच्या क्षमता काढताना त्या सरासरीकडे थोड्या ओढून घेते, ईआरएम तसे करत नाही. त्यामुळे एकाच तक्त्यावरून दोन पॅकेजांनी दिलेले इनफिट दुसऱ्या दशांश स्थळी, कधी पहिल्याही स्थळी वेगळे येतात. यात कुणाची चूक नाही. अहवालात कोणती आज्ञावली वापरली ते लिहावे, म्हणजे झाले.

हा एस-एक्स-वर्ग काय आहे? जुन्या पद्धतीत विद्यार्थ्यांना अंदाजित क्षमतेनुसार, साधारण दहा गटांत विभागत. प्रत्येक गटात किती जणांचे उत्तर बरोबर यायला हवे होते आणि किती जणांचे आले, यांची तुलना काय-वर्ग चाचणीने करत. एलटीएम अजून असेच करते. अडचण अशी की वीस प्रश्नांवरून काढलेली क्षमता हा अंदाजच असतो. गट अंदाजावर आधारलेले असल्याने मुले चुकीच्या गटात पडतात, आणि धडधाकट प्रश्नही आजारी ठरतात. ऑर्लँडो आणि थिसेन यांनी २००० साली यावर तोड सुचवली. गट अंदाजित क्षमतेवरून न पाडता एकूण गुणांवरून पाडायचे, कारण गुण हे डोळ्यांना दिसतात, त्यांत अंदाज नाही. अकरा गुण मिळवणाऱ्या मुलांपैकी किती जणांचा सातवा प्रश्न बरोबर यावा, हे प्रतिमानावरून काढायचे आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहायचे. या पद्धतीला पूर्ण तक्ता लागतो. एखाद्या मुलाने प्रश्न सोडून दिला असेल आणि तो चौकोन रिकामा असेल, तर आधी त्या ओळीचे काय करायचे ते ठरवावे लागते. रिकाम्या चौकोनात डोळे झाकून शून्य भरणे हा एक निर्णय आहे. ‘येत नाही’ आणि ‘तिथवर पोचलाच नाही’ या दोन गोष्टी त्याने एक होतात.

मर्यादा कोणत्या धरायच्या, असे लगेच विचारले जाते. साध्या बहुपर्यायी चाचण्यांसाठी इनफिट व आउटफिट ०.७ ते १.३ दरम्यान असावेत असा संकेत राइट आणि लिनेकर यांनी १९९४ साली दिला. निर्णय जास्त गंभीर असेल तर ०.८ ते १.२. हे संकेत आहेत, निसर्गनियम नव्हेत. १.३ च्या वर गेलेला प्रश्न गोंगाट करतो. ०.७ च्या खाली गेलेला प्रश्न संशयास्पद नीटनेटका असतो: एका रेषेच्या खालचे सगळे चूक, वरचे सगळे बरोबर. बहुधा तो दुसऱ्या एखाद्या प्रश्नाचीच नक्कल असतो. त्याने नुकसान होत नाही, पण नवी माहितीही मिळत नाही.

काय-वर्गासोबत येणाऱ्या संभाव्यतेबाबत (५ टक्क्यांच्या आत आली की प्रश्न नापास!) आम्ही जरा साशंक आहोत. प्रतिमान तंतोतंत खरे असले तरी चाळीस प्रश्नांच्या चाचणीत सरासरी दोन प्रश्न निव्वळ योगायोगाने या जाळ्यात सापडतील. पाच हजार मुलांच्या चाचणीत नगण्य बिघाडही ‘सार्थ’ ठरतो आणि शंभर मुलांच्या चाचणीत ठळक बिघाडही निसटतो. म्हणून आकडा पाहावा, त्याबरोबर आलेखही पाहावा. बहुतेक पॅकेजे अपेक्षित वक्र आणि प्रत्यक्ष बिंदू एकत्र काढून देतात.

मोठ्या परीक्षांत हे काम नित्याचे आहे. एनसीईआरटीने राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाच्या २०१०–१२ च्या फेरीत प्रश्न-प्रतिसाद सिद्धांत वापरायला सुरुवात केली. ‘पिसा’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी २०१२ पर्यंत राशच्या घराण्यातले प्रतिमान वापरत होती. २०१५ पासून तिने प्रश्नागणिक भेददर्शकता वेगळी धरायला सुरुवात केली. तिथे प्रत्येक प्रश्नाची जुळणी देश आणि भाषा यांनुसार वेगळी तपासतात. एखादा प्रश्न सगळीकडे जुळतो आणि एकाच भाषेत जुळत नाही, असे दिसले की भाषांतराकडे बोट जाते. मराठी आणि सेमी-इंग्रजी तुकड्यांना एकच पेपर देणाऱ्या शाळांनी हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता सातव्या प्रश्नाकडे परत येऊ. त्याचा इनफिट १.६८ आला. आज्ञावलीचे काम इथे संपले; प्रश्न का बिघडला हे ती सांगत नाही. त्यासाठी उत्तरपत्रिका उघडाव्या लागतात, आणि कुणी कोणता पर्याय निवडला हे पाहावे लागते.

दशांश अपूर्णांकांबाबत मुलांच्या दोन ठाम समजुती गणितशिक्षणाच्या संशोधनात वारंवार आढळल्या आहेत. एक अशी की दशांश चिन्हापुढे जास्त अंक असलेली संख्या मोठी. ही मुले ०.३६ ला छत्तीस आणि ०.५ ला पाच समजतात. दुसरी याच्या अगदी उलट: शतांश हे दशांशापेक्षा लहान, म्हणून जास्त अंक असलेली संख्या लहान. ही दुसरी समजूत होण्यासाठी थोडे तरी शिकलेले असावे लागते. आता पर्याय पुन्हा वाचा. ०.३६, ०.५, ०.७२, ०.४. पहिल्या समजुतीच्या मुलाला छत्तीस, पाच, बहात्तर आणि चार दिसतात, तो ०.७२ वर खूण करतो. उत्तर बरोबर! दुसऱ्या समजुतीचा मुलगा दोन अंकी संख्या बाद करतो आणि ०.५ निवडतो. ज्याला काहीच कळलेले नाही त्याला गुण मिळाला, आणि अर्धे कळलेल्याचा गेला.

चुकलेल्या मधल्या मुलांनी एकजात ०.५ निवडला असेल तर निदान पक्के समजावे. खुणा तिन्ही चुकीच्या पर्यायांवर विखुरलेल्या असतील तर कारण दुसरीकडे शोधावे. उत्तरसूचीच चुकीची असेल तर मात्र हुशार मुले एकाच ‘चुकीच्या’ पर्यायावर एकवटलेली दिसतात, आणि जुळणीचा अंक सहसा साऱ्या पेपरात सर्वांत वाईट असतो. म्हणून आधी उत्तरसूची तपासावी. त्यात कमीपणा नाही.

जुळत नाहीत ते प्रश्न एकेक करून काढत जायचे आणि उरलेले सगळे जुळले की चाचणी उत्तम झाली म्हणायचे, अशी एक सवय आकडे सोपे झाल्यापासून वाढली आहे. ती आम्हांला पटत नाही. असे करत गेल्यास उरते ती प्रतिमानाला आवडणारी चाचणी, आणि सातव्या प्रश्नाने उघडकीला आणलेली गोष्ट केराच्या टोपलीत जाते. गुण देण्यापुरता तो प्रश्न बाजूला ठेवावा, आणि ठेवायचाच तर सगळ्यांसाठी सारखा. पण पुढच्या चाचणीत त्याला एक जोडीदार द्यावा: ०.३६, ०.५, ०.२७ आणि ०.४ यांपैकी सर्वांत मोठी संख्या कोणती? इथे पहिल्या समजुतीची मुले ०.३६ निवडून चुकतील आणि दुसऱ्या समजुतीची ०.५ निवडून बरोबर येतील. दोन्ही प्रश्न ज्यांचे बरोबर आले त्यांची एक यादी, पहिलाच बरोबर आलेल्यांची दुसरी, आणि दुसराच बरोबर आलेल्यांची तिसरी करावी. दुसऱ्या यादीतल्या मुलांना स्थानिक किमतीपासून सुरुवात करून द्यावी लागेल. तिसऱ्या यादीतल्यांना ०.५ म्हणजे ०.५० एवढे शतांशांच्या चौकटीत रंगवून दाखवले तरी बहुधा पुरेल.